कोणता डोळा?

"तुला एक दिवस आजारी पडता येईल का?" नणंदेनं विचारलं.

"कधी?" ती म्हणाली. इतक्या तत्परतेनं म्हणाली की शेजारी बसून गुंडीला भरवणारा नवरा दचकला आणि चमचा गुंडीच्या तोंडाऐवजी कानाशी गेला. गुंडी झाल्यापासून तिला आजारी पडायला सवडच मिळाली नव्हती. मध्यंतरी ताप येऊन गेला, पण तो तिनं उभ्या उभ्या काढला. आजारपण हे तिच्या लेखी आता एक लांबचं, सुंदर गाव होतं. तिथे पलंग असतो, धुतलेलं पांघरूण असतं आणि बाहेरून कुणीतरी हलक्या हातानं दार ओढून घेतं.

"खरंखुरं नाही गं," ताई म्हणाल्या. "पडल्यासारखं करायचं. आमच्या ऑफिसात. पलंगावर."

"पलंगावर," ती म्हणाली, आणि पुढचं तिनं नीट ऐकलंच नाही.

ऐकायला हवं होतं. कारण ताईंचा जीव त्यात अडकला होता. ताई डॉक्टरांना परवाने देणाऱ्या मंडळात अधिकारी होत्या. राज्यात औषधाची चिठ्ठी लिहायची तर मंडळाचा परवाना लागे. इथेच शिकलेल्यांना तो सुखासुखी मिळे. पण निम्मं आयुष्य दुसऱ्या राज्यात डॉक्टरकी केलेलं माणूस इथे राहायला आलं की नियम त्याला सांगे, पहिल्यापासून सुरुवात करा. पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा वसतिगृह, पुन्हा पोरासोरांच्या हाताखाली उमेदवारी. बहुतेक जण हात जोडून घरी बसत, आणि इकडे दवाखान्यांतल्या रांगा जिना उतरून रस्त्यावर येत. ताईंनी हा नियम बदलायचा ध्यासच घेतला होता. माणूस डॉक्टर आहे की नाही हे त्याला रुग्णासमोर बसवलं की कळतं, एवढंच त्यांचं म्हणणं. खऱ्या रुग्णावर प्रयोग नको, म्हणून बनावट रुग्ण. उमेदवारानं त्याच्याशी बोलावं, त्याला तपासावं, दुखणं ओळखावं. ओळखलं तर परवाना. हो-ना करत मंडळानं एकदा करून बघायला मान्यता दिली होती. येत्या शनिवारी ही परीक्षा नीट पार पडली तर नियम बदलणार होता. फसली तर ताईंचे सगळे कष्ट पाण्यात. आणि ऐन वेळी त्यांच्या एका बनावट रुग्णाला खरीच कावीळ झाली होती.

"पण मला अभिनय कुठे येतो?" तिनं विचारलं.

"तुला काही करायला नको," ताई मोठ्या प्रेमानं म्हणाल्या. "तू अशीच चल. चांगली आजारी दिसतेस."

नवरा हसला. मग तिच्याकडे बघून घाईघाईनं गुंडीचा कान पुसायला लागला.

तालमीच्या दिवशी तिला मंडळाचे चिटणीस भेटले. ते स्वतः घशाचे डॉक्टर होते, आणि नव्या नियमाला त्यांचा विरोध होता. माणूस वाईट नव्हता. बाहेरून आलेल्यांना औषधं कळत नाहीत असं त्यांचं मुळीच म्हणणं नव्हतं. त्यांना काळजी होती ती बोलण्याची. "आपल्याकडे डोकं उठतं आणि घसा बसतो," ते बनावट रुग्णांसमोर येरझारा घालत सांगत होते. "पोटात कावळे ओरडतात, पायांना मुंग्या येतात. हे परक्याला कोण समजावणार? एखादी बाई म्हणाली, डॉक्टर, मला दिवस गेलेत, तर तो भिंतीवरचं कॅलेंडर बघेल." सगळे हसले. ताईही हसल्या, पण त्यांनी हातातली फाइल छातीशी जरा घट्ट धरली.

तिच्या वाट्याला पित्ताशयातले खडे आले. उजव्या बरगडीखाली दुखतं, तेलकट खाल्लं की वाढतं, चमक पाठीतून खांद्याकडे जाते, एवढं तिनं सांगायचं. बाकी कण्हणं जमेल तसं. घरी तिनं कण्हण्याचा सराव केला. गुंडीला तो फार आवडला. प्रत्येक 'आई गं'ला ती दोन्ही पाय उडवून हसे आणि कण्हणं थांबलं की रडे, त्यामुळे सराव अंमळ जास्तच झाला. नवरा पहिल्यांदा धावत आला, दुसऱ्यांदा चालत आला. नंतर तो ओट्यापाशी उभा राहूनच विचारायला लागला, "खरं की परीक्षेचं?" एकदा गुंडीला उचलताना तिच्या पाठीत खरोखरच उसण भरली, तेव्हा तो आतून म्हणाला, "हे छान जमलं."

शनिवारी सकाळी गुंडीला बाबांच्या हवाली करून ती निघाली. गुंडीनं रडावं अशी तिची अपेक्षा होती. गुंडीनं टाटा केलं.

परीक्षेची खोली लहानशी होती. एक पलंग, एक स्टूल, हात धुवायचं भांडं, औषधपाण्याची ट्रॉली, आणि समोरच्या भिंतीत एक मोठी काळी काच. काचेपलीकडे चिटणीस आणि मंडळाचे दोन सदस्य बसणार होते. त्यांना आतलं दिसणार, ऐकू येणार. आतल्यांना मात्र काचेत फक्त आपणच दिसणार. परीक्षा चालू असताना कुणी मध्ये पडायचं नाही, हा नियमच होता.

पहिले दोन उमेदवार ठीक गेले. एक तरुण डॉक्टर तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता, पण त्यानं पोट दाबून खडे बरोबर ओळखले. दुसऱ्यानं जरा वेळ घेतला, पण तोही खड्यांपाशी पोचला. मग मदतनीस बाई येऊन सांगून गेल्या की पुढच्या डॉक्टर यायला थोडा अवकाश आहे, साहेब लोक चहा घेतायत, तुम्ही पडून राहा.

तुम्ही पडून राहा. हे वाक्य तिला कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवेना. चादर कडक इस्त्रीची होती. उशीला आंबूस दुधाचा नाही, नुसता साबणाचा वास होता. तिच्या अंगावर कुणी चढत नव्हतं, केस ओढत नव्हतं, नाकात बोट घालत नव्हतं. गुंडीची आठवण येत नाहीये हे लक्षात येऊन तिला लाज वाटली. मग आठवण यावी म्हणून तिनं प्रयत्न केला, तर डोळ्यांसमोर पुन्हा ती उशीच आली. उमेदवार आत येईल तेव्हा डोळे मिटलेले असले तर दुखणं जास्त खरं वाटेल, असं ठरवून तिनं डोळे मिटले. त्या खोलीत तिनं शुद्धीवर असताना घेतलेला हा शेवटचा निर्णय.

जाग आली तेव्हा स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. केस पांढरे, अंगावर पांढरा कोट, दोन्ही हात मांडीवर. त्या कधी आल्या, किती वेळ अशा बसून होत्या, देव जाणे. ती धडपडत उठून बसली. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ती पुसत, शरमेनं अर्धमेली होऊन ती म्हणाली, "माफ करा हं डॉक्टर. जरा डोळा लागला."

"कोणता?" बाईंनी विचारलं.

त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. तिनं क्षणभर विचार केला. निदान तिला तरी तो विचार वाटला.

"दोन्ही," ती म्हणाली.

"दोन्ही एकदम?"

"हो."

"कशानं लागले?"

"उशीनं."

बाईंनी मान डोलावली. हात धुऊन त्या जवळ आल्या, तिच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळे लालभडक होते, महिनोन्महिने होते. तेवढ्यात तिला एकदम आपल्या पित्ताशयाची आठवण झाली. "आणि डॉक्टर, माझ्या पोटात," तिनं सुरुवात केली. पण बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत उशीवर टेकवलं होतं. "पोटाचं नंतर बघू. आधी डोळे." ट्रॉलीवरच्या कापसाच्या दोन घड्या गार पाण्यात भिजवून त्यांनी तिच्या डोळ्यांवर ठेवल्या आणि वरून सैलसर पट्टी बांधली. "आता हे काढायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही. मी इथेच आहे."

हे बरोबर चाललेलं नाही, असं पट्टीआड तिला पुसटसं जाणवलं. खडे डोळ्यांत नव्हते. पण डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर आपला काय इलाज, असं म्हणेपर्यंत ती पुन्हा गाढ झोपली. वेळ संपल्याची घंटा वाजली ती तिच्या स्वप्नात कुणाच्या तरी दाराशी वाजली, आणि दार उघडायला दुसरं कुणीतरी गेलं.

मदतनीस बाईंनी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पट्टी काढावी की नको, कळेना. परीक्षा संपली होती, पण डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आत्ता कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. पावलं वाजली. चिटणिसांचा आवाज आला, आणि त्यात चक्क जिव्हाळा होता.

"मानलं बाई तुम्हाला," ते म्हणाले. "आम्ही इतके दिवस बैठका घेतोय, कागद काळे करतोय, आणि तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात. डोळा लागला. शाळकरी पोराला कळेल असं साधं बोलणं, आणि त्या विचारतात कोणता? वर तुम्ही त्यांना पुढे खेळवलंत काय, उशीनं म्हणालात काय. आणि डोळे मिटून पडलात तो अभिनय तर असा, की आम्ही काचेमागे श्वास रोखून बसलो होतो."

म्हणजे त्यांना वाटलं होतं, ती मुद्दाम म्हणाली. बाहेरच्या डॉक्टरांना आपली भाषा कळत नाही हे दाखवायला तिनं सापळा लावला होता.

सांगायची वेळ खरं तर तीच होती. साहेब, मी झोपले होते, एवढे चार शब्द. पण तिच्या तोंडून निघालं, "छे, त्यात काय एवढं," आणि ते तिनं नेमक्या त्या आवाजात म्हटलं ज्या आवाजात लोक कौतुक नाकारतात म्हणजे स्वीकारतात. आपला आवाज ऐकून पट्टीच्या आत तिचे डोळे उघडले.

चिटणीस गेले. ताई शेजारी उभ्या आहेत हे तिला फाइलीच्या कुरकुरण्यावरून समजलं.

"तुम्ही घरी जा आता," ताई म्हणाल्या. "बाळ वाट बघत असेल."

लग्न होऊन घरात आल्यापासून ताईंनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. रागावतानाही नाही. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, मला बहीण नाही, तेव्हा तुला मी तूच म्हणणार. आणि गुंडीला त्या कधी बाळ म्हणत नसत. गुंडी हे नावच मुळी त्यांनी ठेवलेलं. ताईंनी ओरडावं, अगं काय केलंस हे, म्हणावं, असं तिला फार वाटलं. ताई निघून गेल्या. तिनं पट्टी जरा वर सरकवून एका डोळ्यानं पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला ताई भिंतीकडे तोंड करून, फाइलीतले कागद उगीचच पुन्हापुन्हा सरळ करत होत्या.

बाकावर शेजारी कुणीतरी बसलं. पांढऱ्या कोटातल्या बाई. "मी काढते," म्हणून त्यांनी गाठ सोडली, घड्या उचलल्या आणि उजेडाकडे तिचा चेहरा वळवून पाहिलं. डोळे कसे वाटतायत, त्यांनी विचारलं. बरे आहेत, ती म्हणाली, आणि ते खरंच इतके बरे होते की तिला आणखी लाज वाटली.

बाई फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण तिनं विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं. मुलीच्या आजारपणासाठी त्या या राज्यात आल्या. मुलगी बरी झाली, नातवंडं झाली, राहणं इथेच झालं. तिकडे त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. इथे त्या दुसऱ्यांच्या दवाखान्यात दाराशी बसून रुग्णांचे नंबर पुकारत. आवाज मोठा आहे ना, त्या म्हणाल्या. कधीकधी रांगेतल्या माणसाकडे बघूनच कळतं याला काय झालंय, आणि आपण मात्र त्याला फक्त त्याचा आकडा सांगायचा. आजचं काही खरं नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. पोट राहून गेलं ना. "पुन्हा बसू देतात का, ते विचारायला थांबले आहे."

पुन्हा कुठलं बसू देतायत. आज दुपारीच नवा नियम मोडीत निघणार होता, आणि तो कुणी मोडला ते या बाईंना माहीत नव्हतं. तिच्या पोटात, नेमकं उजव्या बरगडीखाली, काहीतरी दुखायला लागलं.

"बाळ केवढं आहे?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी तिच्या खांद्याकडे बोट दाखवलं. सकाळी निघताना बदललेल्या धुतल्या कपड्यांवर खांद्यापासून पाठीपर्यंत गुंडीनं ओकलेल्या दुधाचा वाळलेला ओघळ होता. म्हणजे आज सकाळपासून दोन उमेदवार, एक चिटणीस आणि दोन सदस्य यांच्यासमोर ती असं मिरवत होती. पण आता लाजेलाही काही हद्द उरली नव्हती. एवढी झाली, त्यात आणखी थोडी, असं म्हणून ती उठली आणि सरळ बैठकीच्या खोलीत शिरली.

चिटणीस निकाल सांगत होते. ताई टेबलाच्या कडेला मान खाली घालून बसल्या होत्या. तिला पाहून चिटणिसांनी हसून खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"मी झोपले होते," ती म्हणाली.

"म्हणजे तसा अभिनय केलात."

"नाही. म्हणजे झोपले होते. घोरतसुद्धा असेन. मला कुणाची परीक्षा वगैरे घ्यायची नव्हती. उशी बघितली आणि झोपले. जाग आल्यावर लाज वाटली म्हणून म्हटलं डोळा लागला. पुढचं काय बोलले ते माझं मलाच नीट कळत नव्हतं. त्यांनी पट्टी बांधल्यावर पुन्हा झोपले." मग ताईंकडे न बघता तिनं उरलेलं उरकलं. "मघाशी तुम्ही कौतुक केलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते बरं वाटलं."

सदस्यांपैकी एक जण खोकले. दुसऱ्यांनी चश्मा काढून पुसायला घेतला. चिटणिसांनी समोरचा कागद बाजूला सारला. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. तुम्ही झोपलात हे चूकच, ते म्हणाले, आणि त्याबद्दल तुमच्या नणंदबाईंना जाब विचारावा लागेल. पण त्यानं मुद्दा बदलत नाही. तुम्ही खरं बोललात असं धरलं तर तो वाक्प्रचार आणखीच खरा होता, आणि तरीही त्या डॉक्टरांना तो कळला नाही.

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंना वाचवायला म्हणून ती आली होती, आणि तिनं ताईंनाही सोबत बुडवलं होतं. तिनं आता ताईंकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. "त्यांनाच बोलवून विचारा ना," ताई म्हणाल्या.

बाई आल्या. चिटणिसांनी त्यांना आदरानं बसवलं. शत्रूशीही ते नेहमी नीट वागत.

"तुम्ही आत गेलात तेव्हा या काय करत होत्या?"

"झोपल्या होत्या."

"हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो. झोपलेलं माणूस ओळखू येतं."

"मग उठवलं का नाही?"

"का उठवू?" बाईंनी खरंच आश्चर्यानं विचारलं.

चिटणिसांनी टेबलावर बोटं जुळवली. "बाई, डोळा लागणं म्हणजे काय, सांगता येईल?"

"झोप लागणं," बाई म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या आजी रोज म्हणतात. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असंसुद्धा म्हणतात."

बाहेर मदतनीस बाई कपबशा गोळा करत होत्या, तेवढाच आवाज.

"मग तुम्ही कोणता असं का विचारलंत?"

इथे मात्र बाई पहिल्यांदाच अवघडल्या. त्यांनी पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं. "थट्टा केली," त्या म्हणाल्या. "परीक्षेत करायला नको होती, मला मान्य आहे. पण झोप लागली म्हणून या इतक्या ओशाळल्या होत्या, की म्हटलं जरा हसतील. तर या म्हणाल्या, दोन्ही. म्हणून मी आणखी विचारलं कशानं, तर म्हणाल्या उशीनं." त्या तिच्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताही हसू नव्हतं, फक्त काळजी होती. "तेव्हा कळलं, की यांची झोप किती राहिली आहे. साधी थट्टा कळत नाही इतकी. झोपा म्हटलं असतं तर या झोपल्या नसत्या, माफी मागत बसल्या असत्या. पट्टी बांधली की माणूस निमूट पडून राहतं. लहान मुलांच्या आयांना मी तिकडेही बांधायची."

"पण परीक्षा पोटाची होती," चिटणीस म्हणाले. त्यांचा आवाज अंमळ बसल्यासारखा झाला होता, आणि घशाचे डॉक्टर म्हणून ते त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"होती. पण यांचं पोट दुखत नव्हतं. पोट दुखणारं माणूस असं उताणं, हातपाय पसरून झोपत नाही. समोर जे माणूस होतं त्याला झोप हवी होती." मग त्या उठून उभ्या राहिल्या. "चुकलं असेल तर मी पुन्हा बसायला तयार आहे. मात्र या वेळी रुग्ण जागा असलेला द्या."

हसले ते आधी चश्मा पुसणारे सदस्य. मग खोकणारे. ताई फाइल तोंडासमोर धरून हसत होत्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला मात्र हसू येईना. बाहेरून आलेल्या बाईंनी तिच्याच भाषेत, तिच्याच तोंडावर थट्टा केली होती, आणि तिनं प्रामाणिकपणे उत्तरं दिली होती. दोन्ही. उशीनं. आणि त्या थट्टेवरून बाईंचा परवाना हुकणार होता. पायाखालची फरशी दुभंगावी असं तिला वाटलं, पण फरशी चांगली पक्की होती.

दुपारी बाईंची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी रुग्ण होते निवृत्त शिक्षक. ते स्वभावानंच कुणाला झोपू देत नसत, स्वतःही झोपत नसत. बाईंनी त्यांचे खडे ओळखलेच, शिवाय तुमचे हे दुखणं सांगायचे शब्द फारच पाठ आहेत, जरा चुकत सांगा, असाही सल्ला दिला. संध्याकाळच्या आत मंडळानं नव्या नियमाची शिफारस करून टाकली. चिटणिसांनीही सही केली, पण त्यात आपलं एक कलम घातल्याशिवाय नाही. ताईंनी ते तिला व्हरांड्यात वाचून दाखवलं. 'बनावट रुग्ण म्हणून तान्ह्या मुलांच्या मातांची नेमणूक करण्यात येऊ नये.' म्हणजे हे आता राज्यभर लागू होणार होतं. जिथे जिथे डॉक्टरांची परीक्षा होईल तिथे तिथे हे कलम वाचलं जाणार, आणि कुणीतरी विचारणार की हे का बरं घातलं असेल.

"तुझं नाव नाही गं त्यात," ताई म्हणाल्या. त्या पुन्हा 'तू' म्हणाल्या, आणि तिला एकदम रडू फुटलं. ताईंनी तिला जवळ घेतलं, आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की दुधाची वेळ केव्हाच टळून गेली आहे आणि तिचा पदर पुढून ओला झाला आहे. "पळ आता," ताई म्हणाल्या. "मी गाडी बोलावते."

ती पदर सावरत, पर्स छातीशी धरून जिना उतरत होती, तर मागून चिटणीस आले. सकाळचा जिव्हाळा गेला होता, पण रागही दिसत नव्हता. त्यांनी वरखाली पाहून कुणी नाही याची खात्री केली.

"एक विचारायचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांनी कोणता म्हणून विचारलं तेव्हा ती थट्टा आहे हे तुम्हाला अजिबात कळलं नाही?"

"नाही हो," ती म्हणाली. कान तापले होते. "मी झोपेत होते."

"तेच," चिटणीस म्हणाले. त्यांनी कठड्यावर हात टेकला आणि खाली रस्त्याकडे बघत राहिले. "मी तर चांगला जागा होतो."